आठ नोव्हेंबरची फेरी

२४ ऑक्टोबर

ताईंनी आज रजिस्टर दिलं. निळा पुठ्ठा, आत छापलेले रकाने: तारीख, फेरीची वेळ, वारा, माग, घरटं, शेरा. त्यात कासवांचं लिहायचं. माझं स्वतःचं लिहायला ही दुसरी वही काढली आहे. बर्फाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं लाद्या मोजून वहीत टिपत होतो. कारखाना बंद पडला तेव्हापासून हाताला वहीची सवय राहिली आणि लिहायला काही राहिलं नाही.

ताई म्हणजे कासवं वाचवणाऱ्या संस्थेच्या संशोधक. वयाने माझ्या लेकीएवढ्या. पहिल्या दिवशी मी मॅडम म्हणालो तर म्हणाल्या, "काका, मॅडम नका म्हणू, मी लगेच म्हातारी होते."

काम असं: चार किलोमीटर किनारा. रोज पहाटे, उजाडायच्या आत एक फेरी. एकही दिवस चुकवायचा नाही. कासवी रात्री वर येऊन अंडी घालून गेली असेल तर वाळूवर तिचा माग दिसतो. घरटं भरतीच्या पट्ट्यात असेल तर अंडी काढून झोपडीजवळच्या जाळीच्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची. पण अंडी घातल्यापासून चार-सहा तासांच्या आत. अंडं जसं होतं तसंच उचलायचं, फिरवायचं नाही. उशीर झाला असेल तर हातच लावायचा नाही. जागच्या जागी कुंपण घालून ताईंना फोन करायचा.

या किनाऱ्यावर हिरवं कासव नऊ वर्षांत आलेलं नाही. ताई म्हणाल्या, "आलं तर आलं. आपण हजर असलं पाहिजे, एवढंच." हे मला आवडलं. प्रार्थनेचंही तसंच असतं.

२९ ऑक्टोबर

माग नाही. पाच दिवस रजिस्टरात तेच लिहितो आहे.

झोपडी चांगली आहे. पत्रा, एक खाट, स्टोव्ह, पाण्याचं पिंप. सांगायचं म्हटलं तर घरीही एवढंच होतं. ही लेकीकडे गेली त्याला आता चौदा महिने झाले. बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेली होती. मग नातू लहान, मग लेक कामावर रुजू झाली, मग जावयाची बदली. प्रत्येक कारण खरंच आहे. मी कधी वाद घातला नाही.

शेजार एकाचाच. पलीकडच्या शेडमध्ये एक म्हातारा जाळी दुरुस्त करतो. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात, कारण त्याची होडी विकून वीस वर्षं झाली. मला म्हणाला, "पगार घेऊन रोज वाळू बघायची. अशी नोकरी मला का नाही दिली कुणी?"

मी म्हटलं, "तुम्ही पहाटे उठाल का?"

"उठेन की. परत झोपायला."

५ नोव्हेंबर

संध्याकाळी हिचा फोन. आवाज आनंदी होता. तिथल्या बायकांबरोबर शिवणाचा वर्ग सुरू केला आहे, आठजणी येतात, सगळ्या हिला 'मास्तरीणबाई' म्हणतात. मी म्हटलं, कधी येतेस? म्हणाली, "शनिवारी बघते, जमलं तर. पहाटेची गाडी असते ना?"

शनिवारी येते आहे. खाटेखालची वाळू झाडली. दुसरी उशी आणली.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पाचलाच निघालो. स्टँड बारा किलोमीटर आहे, पहिली गाडी साडेसहाची. फेरी परत आल्यावर करू असं मनात होतं. तिलाही दाखवता आला असता किनारा. साडेसहाच्या गाडीला नव्हती. आठच्या नव्हती. साडेनऊच्या गाडीत तिच्यासारखी एक बाई होती. अकराला फोन लागला. नातवाला रात्रीपासून ताप. "अहो, मी तुम्हाला कळवणारच होते, पण गडबडीत राहिलंच." मी म्हटलं, बरं झालं, मीही निघालो नव्हतो अजून.

परतलो तेव्हा ऊन चढलं होतं, वारा सुटला होता. सगळीकडे नुसती वाळू उडत होती. फेरीला गेलो नाही. उगाच पडून राहिलो.

९ नोव्हेंबर

आज माग सापडला.

तिसऱ्या किलोमीटरला, खडकांच्या अलीकडे. ट्रॅक्टर जावा तसा रुंद पट्टा पाण्यातून वर आलेला आणि थोडं बाजूने परत खाली गेलेला. एवढा रुंद माग हिरव्या कासवाचाच. कडा पुसट होत्या. काल दिवसभर वारा होता, त्यामुळे असेल. मी वाळूत गुडघे टेकले. मग डोळे मिटले आणि हात जोडले.

घरटं भरतीच्या रेघेच्या आतच होतं. खांद्यापर्यंत हात घातला तेव्हा पहिलं अंडं बोटाला लागलं. एकेक अंडं काढताना देवाचं एकेक नाव घेतलं, म्हणजे मोजणी चुकत नाही आणि हात घाई करत नाही. एकशे अठरा नावं झाली. वरच्या थरातल्या बऱ्याच अंड्यांच्या माथ्यावर पांढरा ठिपका होता, दुधाचा थेंब वाळावा तसा. देवाने खूण करून पाठवली आहेत असं मनात आलं.

हॅचरीत पुरली आणि ताईंना फोन केला. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मी फोन कानापासून लांब धरला. मग विचारलं, "कधीची आहेत, काका?"

"रात्रीचीच. काल माग नव्हता."

रजिस्टरात कालची ओळ कोरी होती. ती भरली: फेरी ५.१०, माग नाही. आज एवढी मोठी गोष्ट घडली, त्यात कालच्या कोऱ्या रकान्यासाठी ताईंचा विरस कशाला करायचा? एका फेरीने काय होतं?

हिला फोन केला. ती म्हणाली, "एकशे अठरा? बिचारीला किती कळा लागल्या असतील." हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर

पुन्हा आली! तीच असणार. ताई म्हणाल्या होत्या, एका हंगामात तीच मादी बारा-चौदा दिवसांनी परत येते. आज फेरीला साडेचारलाच निघालो होतो आणि ती तिथेच होती, अंडी घालून झालेली, मागच्या पायांनी वाळू लोटत होती. मी वीस पावलांवर बसलो. ती थकल्यासारखा श्वास टाकायची, मग पुन्हा लोटायची. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मिठाचं असतं, रडणं नव्हे, हे ताईंनी सांगितलं आहे. तरीही.

ती पाण्यात गेली आणि तासाभरात मी अंडी हलवली. एकशे सहा. या अंड्यांवर ठिपका नव्हता, सगळी नितळ.

२६ नोव्हेंबर

ताई आल्या होत्या. दोन्ही घरट्यांत तापमापकाच्या तारा सोडल्या. कॅप्टनही येऊन बसला. ताईंनी सांगितलं, वाळू जास्त गरम राहिली तर सगळ्या माद्या निपजतात, थोडी गार राहिली तर नर.

कॅप्टन म्हणाला, "मग आमच्या घरावर ऊन फार पडलं असणार. चार मुली."

ताई हसून हसून वाळूत बसल्या. मग मी सहज विचारलं, ठिपक्याचं. दोन घरट्यांत फरक का, म्हणून. पहिल्या घरट्याच्या अंड्यांवर होता असं म्हणालो नाही, नुसतं म्हणालो की कुणीतरी सांगत होतं.

"ठिपका म्हणजे आतला जीव वरच्या कवचाला चिकटला," त्या म्हणाल्या. "साधारण एक दिवस उलटला की दिसायला लागतो. त्यानंतर अंडं हललं की तो नाजूक धागा तुटतो. म्हणून तर तासांचा हिशेब. का, तुम्हाला दिसला होता?"

"नाही," मी म्हणालो.

इतक्या पटकन म्हणालो की माझं मलाच ऐकू आलं नाही.

२७ नोव्हेंबर

म्हणजे ती सात तारखेच्या रात्री आली होती. आठला सकाळी तिचा माग स्पष्ट पडलेला असणार आणि मी स्टँडवर बाकावर बसलो होतो. नऊला मी अंडी उचलली तोवर तीस तास झाले होते.

पण मी फिरवली नव्हती. अगदी सावकाश उचलली होती. सगळीच तुटली नसतील. निम्मी तरी जगतील. देवाचं नाव घेऊन उचललेली आहेत.

३ डिसेंबर

माग नाही. सकाळी प्रार्थनेला बसलो. डोळे मिटले की निळं रजिस्टर दिसतं. उघडे ठेवून बसलो.

११ डिसेंबर

परवा कॅप्टनने जाळ्याची गाठ मारता मारता विचारलं, "घरच्यांची गाडी चुकली होती का हो तेव्हा?"

"कधी?"

"त्या शनिवारी, तुम्ही स्टँडवर बसला होता तेव्हा. मी डॉक्टरकडे चाललो होतो. हाक मारणार होतो, पण तुम्ही रस्त्याकडे असे बघत होता की म्हटलं जाऊ दे."

त्याने दुसरी गाठ मारली. "मला काय करायचंय. मी कुणाला सांगतोय थोडंच."

त्याने काही मागितलं नाही, काही सुचवलं नाही. तरी दोन दिवस झाले, मी त्याच्या शेडवरून न जाता मागच्या वाटेने जातो आहे.

१९ डिसेंबर

हिचा फोन. शिवणाच्या वर्गात आता चौदाजणी. एका दुकानाने पिशव्यांचं काम दिलं आहे. मी विचारलं, कधी येतेस? म्हणाली, बघते. मग म्हणाली, "तुमचा आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, वारा आहे. वारा नव्हता.

एवढं घर सोडून तिला तिथे काय करमतं, मला समजत नाही. तिथे तिला एक खोली आणि शिवणयंत्र. इथे सगळं आहे.

५ जानेवारी

पहिल्या घरट्याचा आज अठ्ठावन्नावा दिवस. वाळू खचायला हवी होती. पिल्लं वर सरकायला लागली की मधे खळगा पडतो. सकाळपासून बघतो आहे. सपाट.

८ जानेवारी

सपाट. कान लावून बघितला. वाळूत ऐकू काय येणार.

१२ जानेवारी

ताई आल्या आणि पहिलं घरटं उकरलं. मी बादली धरून उभा होतो. एकही पिल्लू नाही. त्यांनी एकेक अंडं फाडून बघितलं आणि ओळीने मांडलं. बहुतेकांत मुगाच्या दाण्याएवढा जीव, तिथेच थांबलेला. दुर्गंधी होती, पण त्या तोंड न फिरवता बघत होत्या. एकशे अठरा. मी पुन्हा मोजली. या वेळी नाव घेववलं नाही.

ताई उकिडव्या बसून होत्या. मग म्हणाल्या, "पहिल्याच दिवसांत मेलेत. हलवल्याने असं होतं. पण तुम्ही तर त्याच सकाळी उचललीत ना, काका?"

"हो."

"मग इथल्या वाळूतच दोष आहे. बुरशी असेल नाहीतर ओल." त्यांनी दुसऱ्या घरट्याकडे बघितलं. "हे एकावन्न दिवसांचं आहे. या वाळूत मी नाही ठेवू शकत. परवा गाडी आणते. पेट्यांत घालून संस्थेच्या केंद्रावर नेऊ."

केंद्र तीन तासांवर आहे, अर्धा रस्ता खडी उखडलेला. मी म्हटलं, रस्त्यात हादरे बसतील. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. आणखी काही मरतील. पण इथे सगळीच मरण्यापेक्षा बरं."

१३ जानेवारी

दुसऱ्या घरट्याच्या वाळूत काही दोष नाही, हे मला माहीत आहे. जगात फक्त मला माहीत आहे. कॅप्टनला तारीख माहीत आहे, पण त्या तारखेचा अर्थ नाही.

दुपारी ताईंचा नंबर लावला. एक रिंग गेली आणि बंद केला. त्यांनी उलट फोन केला, तर म्हणालो, चुकून लागला.

नोकरी जाईल याची भीती मोठी नाही. दिवस जातील. भीती अशी की ताई माझ्याकडे बघतील तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय असेल. या वर्षभरात मला "काका, जेवलात का" असं समोर उभं राहून विचारणारं माणूस तेवढं एकच आहे.

हे लिहिलं आणि वाचलं. एकशे सहा जीव एकीकडे आणि मला कुणी जेवलात का विचारावं हे एकीकडे. असं लिहून ठेवलेलं बरं. दिसतं तरी.

१४ जानेवारी

गाडी नऊला आली. ड्रायव्हरने पेट्या उतरवल्या. ताई हॅचरीच्या दारातून आत यायला निघाल्या आणि मी दारातच उभा राहिलो.

"काका, सरकता का जरा?"

"ताई, वाळूत दोष नाही."

"मग?"

"आठ तारखेला मी फेरी केली नव्हती. रजिस्टरात खोटं लिहिलं. अंडी सातच्या रात्रीची होती. ठिपके दिसले होते मला. तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हणालो."

ड्रायव्हर हातातली पेटी तशीच धरून उभा होता. ताईंनी त्याला म्हटलं, "तू चहा पिऊन ये." तो गेल्यावर त्या माझ्याकडे न बघता जाळीला धरून उभ्या राहिल्या.

"कुठे होतात?"

"स्टँडवर. बायको येणार होती."

"आली?"

"नाही."

"एवढंच होतं तर तेव्हाच सांगायचं होतंत. फेरी चुकली म्हणून मी तुम्हाला फासावर देणार होते का? तुम्ही फोन केला असता तर जागेवर कुंपण घातलं असतं, भरतीला वाळूच्या गोण्या लावल्या असत्या. काहीतरी केलं असतं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "नऊ वर्षांनी आली होती ती."

मी दारातून बाजूला सरकलो.

त्यांनी रजिस्टर मागवलं. आठ तारखेच्या ओळीवर माझ्याकडून एकच सरळ रेघ मारून घेतली, खालचं वाचता येईल अशी. "खाडाखोड नको. काय लिहिलं होतं तेही दिसलं पाहिजे." वर लिहिलं: फेरी झाली नाही. नऊ तारखेच्या शेऱ्यात लिहिलं: अंडी सुमारे तीस तासांची, माथ्यावर ठिपके. दोन्हीखाली सही केली.

पेट्या रिकाम्याच गाडीत चढल्या. दुसरं घरटं आहे तिथेच राहिलं. जाताना म्हणाल्या, "आजपासून अंड्यांना, पिल्लांना तुम्ही हात लावायचा नाही. कुत्री आणि खेकडे हाकला, आणि बाहेर आली की मोजा. पुढच्या हंगामाचं मी आत्ता काही बोलत नाही."

जेवलात का, असं विचारलं नाही.

१६ जानेवारी

हिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, मागे शिवणयंत्र चालू होतं, मधेच थांबलं.

"तुम्ही स्टँडवर बसून होतात? पहाटेपासून?"

"अकरापर्यंत."

"अहो, मी येते म्हटलं नव्हतं. बघते म्हटलं होतं."

"हो."

"आणि वर मला म्हणालात की निघालोच नाही." मग म्हणाली, "तुम्हाला मी किती वेळा म्हटलं, इकडे या. एकदा तरी आलात का?"

हे खरं नसावं असं वाटून मी आठवत बसलो. म्हणाली होती, बरेचदा. मला ते बोलायची एक पद्धत वाटली होती.

१८ जानेवारी

वाळूच्या मधोमध बशीएवढा खळगा पडला आहे. ताईंना कळवलं. "ठीक," म्हणाल्या.

२० जानेवारी

आभाळ भरून होतं, वाळू लवकर निवली. दिवस मावळता मावळता खळगा हलायला लागला. आधी एक काळं नाक, मग एकदम उकळी फुटावी तशी पिल्लं. ताईंना फोन लावला. त्या वाटेत होत्या, तासभर लागणार होता. "थांबवू नका. समुद्राकडची जाळी उघडा आणि बाजूला व्हा."

जाळी उघडली. कॅप्टन काठी घेऊन कुत्र्यांच्या बाजूला उभा राहिला, न सांगता. मी दाराशी बसून मोजत होतो. या वेळी देवाचं नाव आपोआप आलं, मी आणलं नाही. दोनदा घोटाळा झाला, कारण सहा-सात एकमेकांवर चढून बाहेर पडायची. जेमतेम अर्ध्या तळहाताएवढी, आणि सगळ्यांना पाणी कुठे ते माहीत.

"कुणी शिकवलं असेल हो यांना?" कॅप्टन म्हणाला. एरवी त्याने चेष्टा केली असती. हे त्याने खरंच विचारलं.

चौऱ्याण्णव गेली. मग बराच वेळ कुणी नाही, आणि मग एक, एकटीच. (नर की मादी ते मला कळणार नाही, पण मनात 'ती'च आलं.) थोडी चालायची, थांबायची. अर्ध्या वाटेत दिसेनाशी झाली. जवळ जाऊन बघितलं तर एका पावलाच्या ठशात पडली होती. माझ्याच. दुपारभर मी हॅचरी ते पाणी अशा येरझाऱ्या घातल्या होत्या, कुत्री आहेत का बघायला. ओल्या वाळूत टाचेचा खड्डा खोल पडला होता. ती कडेवर पुढचे पाय टाकायची आणि घसरून पुन्हा तळाला यायची.

"उचला की," कॅप्टन म्हणाला. "कोण बघतंय?"

मी आडवा झालो. पिल्लाला हात न लावता, बोटांनी समुद्राकडची कड थोडी थोडी खाली ओढली, उतार होईपर्यंत. तिने दोनदा तोंडावर वाळू घेतली. तिसऱ्यांदा चढली आणि माझ्या हाताच्या शेजारून निघून गेली.

पुढे आणखी ठसे होते. मी तिच्या पुढे, बाजूने, रांगत पाण्यापर्यंत गेलो आणि वाटेतलं माझं प्रत्येक पाऊल तळहाताने सारखं केलं. गुडघ्यांचे नवे खड्डे पडत होते, तेही मागे वळून बुजवले. शेवटच्या लाटेशी पोचलो आणि वळून बघितलं तर ती कुठेच नव्हती. वाळू सपाट होती, तिचा बारीक माग तेवढा पाण्यात गेलेला.

ताई आल्या तेव्हा मी आकडा सांगितला: पंच्याण्णव. मोजताना दोनदा चुकलो, एक-दोन इकडेतिकडे असतील, हेही सांगितलं. त्यांनी तसंच लिहून घेतलं.